पिक्सल पट्टीचं सणानंतर काय करायचं: जागेला अर्थ देणारे प्रयोग

प्रश्न थोडक्यात असा आहे: मंडळाकडे डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या रंगीत पट्टीची ५ मीटरची दोन रिळं पडून आहेत, मीटरला ६० दिवे. गणपतीत ती लावली तेव्हा पांढरा रंग दिला की शेवटचा भाग लालसर दिसत होता आणि मधूनच लुकलुकत होता. हे का झालं, आणि आरास सोडून वर्षभर या पट्टीचं काय करता येईल?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर पट्टी काम कशी करते त्यातच आहे. साध्या रंगीत पट्टीत सगळे दिवे एकच रंग दाखवतात. या पट्टीत प्रत्येक दिव्याच्या पोटात एक चिप असते. कंट्रोलरकडून निरोपांची रांग येते. पहिला दिवा त्यातले पहिले २४ बिट स्वतःला ठेवतो आणि बाकीचं पुढे सरकवतो, दुसरा त्याचे २४ घेतो आणि उरलेलं पुढे देतो. पंगतीत पातेलं हातोहात पुढे जावं तसं हे चालतं. त्यामुळे प्रत्येक दिव्याला आपोआप नंबर मिळतो: एका रिळात ० पासून २९९ पर्यंत. हा नंबरच या पट्टीची खरी किंमत आहे. नुसता झगमगाट हवा असेल तर बाजारातली साधी माळ स्वस्त पडते आणि कटकटही कमी. ही पट्टी तिथे वापरावी जिथे ‘कितवा दिवा लागला’ याला काही अर्थ आहे: पाण्याची पातळी, जिन्याची पायरी, नदीवरचं गाव, जपाचा मणी. खालचे प्रयोग याच कसोटीवर निवडले आहेत.

आधी लालसर टोकाचं बघू, कारण ते सुटलं नाही तर पुढचं काहीच धड दिसणार नाही. एका दिव्यात लाल, हिरवा, निळा असे तीन कण, प्रत्येकी साधारण २० मिलिअँपिअर. म्हणजे पूर्ण पांढऱ्याला दिव्यामागे ६०. एका रिळात ३०० दिवे, म्हणून १८ अँपिअर. नव्या मालात हा आकडा बराच कमी असतो, पण हिशेब ६० धरूनच करावा. एवढा प्रवाह पट्टीवरच्या कागदासारख्या पातळ तांब्यातून जाताना वाटेत व्होल्टेज पडतं. टोकाला ५ ऐवजी साडेतीन-चार व्होल्ट उरतात. निळ्या आणि हिरव्या कणाला पेटायला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, लालला २ पुरतात. म्हणून आधी निळा मरतो, मग हिरवा, आणि लाल एकटा उरतो. टोक लालसर दिसणं म्हणजे पट्टी खराब झाली असं नाही, ती उपाशी आहे.

उपाय एकच: वीज दोन्ही टोकांना आणि मध्येही द्यायची. पूर्ण पांढरा लावणार असाल तर दर १५० दिव्यांना, म्हणजे अडीच मीटरवर. पॉवर सप्लायपासून पट्टीपर्यंतची वायरही जाड हवी. १.५ स्क्वेअर मिमी तांब्याच्या वायरला मीटरला सुमारे १२ मिलिओहम रोध असतो. सप्लाय ३ मीटर लांब ठेवला तर जाऊन-येऊन ६ मीटर, १० अँपिअरला जवळजवळ पाऊण व्होल्ट वायरमध्येच गेला. २.५ स्क्वेअर मिमी घेतली तर हाच तोटा ०.४५ व्होल्टवर येतो. त्याहून बरं म्हणजे एसएमपीएस (२३० व्होल्टचे ५ करणारा हा पॉवर सप्लाय) पट्टीजवळ आणायचा आणि लांब वायर २३० व्होल्टच्या बाजूला ठेवायची, तिथे प्रवाह नगण्य असतो. दोन एसएमपीएस वापरलेत तर त्यांचे प्लस एकमेकांना जोडू नका. दोन भागांच्या मधला ५ व्होल्टचा पट्टा कापायचा, मात्र मायनस सगळीकडे एकच ठेवायचा. वीज देता त्या प्रत्येक वायरीवर गाडीत असतो तसला ब्लेड फ्यूज, टोकांना ५ किंवा ७.५ अँपिअरचा, मध्ये १० चा. ५ व्होल्टचा शॉक लागत नाही, पण ६० अँपिअर देऊ शकणारा सप्लाय शॉर्ट झाला तर वायर लाल होऊन मांडवाचं कापड पेटतं. २३० च्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, यात काटकसर नको.

लुकलुकण्याचं कारण वेगळं. आजकाल कंट्रोलर म्हणून ईएसपी३२ किंवा ईएसपी८२६६ वापरतात. त्यांचा निरोप ३.३ व्होल्टचा असतो, आणि ५ व्होल्टवरच्या पट्टीला ‘हो’ समजायला त्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. कधी चालतं, कधी नाही. मध्ये ७४एएचसीटी१२५ ही चिप बसवा, ती ३.३ चे ५ करते. तिच्यापुढे ३३० ते ४७० ओहमचा रोध, पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि कंट्रोलरचा मायनस पट्टीच्या मायनसला जोडलेला. ही शेवटची वायर विसरली की पट्टी वेड्यासारखे रंग दाखवते. कंट्रोलर ते पहिला दिवा हे अंतर दोन-तीन मीटरच्या आत ठेवा. दहा मीटर लांब जायचंच असेल तर दोन्ही टोकांना आरएस-४८५ ची चिप लावून निरोप पिळलेल्या जोडवायरीतून न्यावा.

सॉफ्टवेअरसाठी डब्ल्यूएलईडी घ्या. फुकट आहे, क्रोम ब्राउझरमधून यूएसबीने थेट चढतं आणि मोबाइलवरून चालतं. चढवल्यावर पहिली तीन कामं: दिव्यांची संख्या बरोबर टाकणं, रंगांचा क्रम जीआरबी, म्हणजे हिरवा-लाल-निळा ठेवणं (लाल मागितल्यावर हिरवा आला तर इथेच चूक असते), आणि विजेची मर्यादा सप्लायच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांवर बांधणं. ही मर्यादा टाकली की चुकून पूर्ण पांढरा लावला तरी सॉफ्टवेअर स्वतःच तेज उतरवतं. चौथं काम आपल्याकडे हमखास लागतं: लाइट जाऊन आली की कोणता देखावा सुरू व्हावा तो ठरवून ठेवा, नाहीतर मध्यरात्री दिवे नारिंगी होऊन उभे राहतात. रात्रभर बंद ठेवायचं असेल तर रिले (कंट्रोलरच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) लावून वीजच तोडा. रंग काळा देऊन विझवलेल्या दिव्यातली चिपही १ मिलिअँपिअरच्या आसपास खातच असते.

आता प्रयोग. शाळा किंवा वाचनालय यांच्यासाठी सगळ्यात अर्थपूर्ण म्हणजे तापीचा जिवंत नकाशा. तापी मुलताईला उगम पावते, बऱ्हाणपूर, भुसावळ करत सुरतेजवळ समुद्राला मिळते, लांबी ७२४ किलोमीटर. ८ किलोमीटरला एक दिवा धरला की ९० दिवे होतात. सहा फूट रुंदीचा ४ मिमी एमडीएफचा बोर्ड घ्या. पण इथे रिळातली पट्टी वापरू नका. पट्टी पुढे-मागे वाकते, आडवी वळत नाही. जबरदस्तीने वळवली की आतला तांब्याचा पट्टा तुटतो आणि ते दोन दिवसांनी कळतं. नदीच्या वळणांसाठी गोळीच्या आकाराचे डब्ल्यूएस२८११ दिवे मिळतात, ५० ची एक माळ. १२ मिमीच्या ड्रिल बिटने भोकं पाडायची आणि दिवे मागून दाबून बसवायचे. नुसत्या तापीला दोन माळा पुरतात, वर १० दिवे शिल्लक राहतात. माळ विकत घेताना ५ व्होल्टचीच मागा, १२ व्होल्टचीही तशीच दिसते.

तापी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते, म्हणून ० नंबरचा दिवा नकाशाच्या उजव्या टोकाला. एवढं उलटं झालं तरी सॉफ्टवेअरमध्ये दिशा बदलता येते, पण आधी ठरवलेलं बरं. पूर्णा चांगदेवजवळ मिळते, पुढे वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा. प्रत्येक उपनदीला कंट्रोलरची वेगळी पिन आणि वेगळा सेगमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दिव्यांचा गट द्या. मग ‘गिरणेला पाणी आलं’ असं बटण दाबलं की आधी गिरणेचे दिवे वाहायला लागतील, आणि संगमाच्या खालची तापी जास्त तेज होईल. मुलांना पाणलोट क्षेत्र म्हणजे काय ते फळ्यावर सांगून जेवढं कळत नाही तेवढं या एका बटणाने कळतं. गोळी-दिव्यांचा रंगक्रम बहुधा आरजीबी असतो, पट्टीचा जीआरबी. म्हणून दोन्ही एकाच पिनवर ठेवू नका.

तुमची पट्टी इथे तापीवरच्या हतनूर धरणाला कामी येते. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. मीटरला ६० दिव्यांच्या पट्टीचे ४१ दिवे म्हणजे ६८ सेंटिमीटरचा तुकडा. सनबोर्डची ४१ कप्प्यांची पेटी करायची, कप्प्याला एक दिवा, समोर दुधी अ‍ॅक्रिलिक. बंद दरवाजा मंद तांबडा, उघडा पांढरट निळा. ‘हतनूरचे ८ दरवाजे उघडले’ अशी बातमी आली की मुलांनी नकाशावर तेच लावायचं. कप्प्यांच्या भिंती पट्टीला पूर्ण टेकल्या नाहीत तर शेजारचा उजेड गळतो आणि उघडा-बंद हा फरकच पुसला जातो. काळ्या कागदाची पट्टी आतून चिकटवली की गळती थांबते.

दुधी पडद्याबद्दल एक नियम इथेच सांगतो, तो पुढे सगळीकडे लागेल. दिवा ते पडदा हे अंतर निदान दोन दिव्यांमधल्या अंतराएवढं हवं. ६० च्या पट्टीत दिवे १७ मिमीवर असतात, म्हणून पडदा १७-२० मिमी पुढे. ३० च्या पट्टीला ३३ मिमी, १४४ च्या पट्टीला ७ मिमी पुरतात. यापेक्षा जवळ आणलात तर ठिपके दिसतात. आरास आणि भडकपणा यातला फरक बहुतेक वेळा या दोन सेंटिमीटरचा असतो.

घरात रोज उपयोगी पडेल असा प्रयोग म्हणजे टाकीचा दर्शक. जिथे नळाला रोज पाणी येत नाही तिथे गच्चीवर चढून झाकण उघडून बघणं हा रोजचा उद्योग असतो. १००० लिटरच्या टाकीसाठी २० दिव्यांचा, ३३ सेंटिमीटरचा तुकडा स्वयंपाकघरात उभा लावा: एक दिवा म्हणजे ५० लिटर. वरचे निळे, मधले हिरवे, खालचे पाच लाल. टाकीच्या झाकणात जेएसएन-एसआर०४टी हा पाणीरोधक अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवायचा. तो २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं अंतर मोजू शकत नाही, खोटे आकडे देतो. म्हणून टाकी भरत आल्याची खूण त्याच्यावर सोडू नका, तिथे वेगळा फ्लोट स्विच लावा. नळाची धार पडते त्याच्या विरुद्ध बाजूला सेन्सर ठेवा, नाहीतर उसळतं पाणीच मोजलं जातं. पाच मोजमापं घेऊन मधलं धरायचं, सरासरी नको, कारण एक वेडा आकडा सरासरी बिघडवतो. सेन्सरचा इको, म्हणजे परतीचा निरोप ५ व्होल्टचा येतो, ईएसपीला देताना तो ३.३ वर आणायला १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या रोधांचा विभाजक घाला. गच्चीवर दुसरा छोटा ईएसपी ठेवून वायफायवरून आकडा खाली पाठवणं वायर ओढण्यापेक्षा सोपं. पण त्याची डबी पांढरी आणि टाकीच्या सावलीच्या बाजूला हवी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचं तापमान ४५ अंशांपर्यंत जातं, तेव्हा उन्हातली काळी डबी आत त्याहून बरीच तापते.

उन्हाचा मुद्दा जिन्यालाही लागतो. जुन्या धाब्याच्या घरांचे जिने उभे आणि अंधारे. पायरीभर पट्टी लावायची गरज नाही. भिंतीच्या कडेला पायरीमागे १५ सेंटिमीटर, म्हणजे ९ दिवे पुरतात. १३ पायऱ्यांना ११७ दिवे, पट्टी दोन मीटरही लागत नाही. तुकडे तांब्याच्या ठिपक्यांच्या बरोबर मधून कापायचे आणि बाणाची दिशा बघून तीन वायरींनी जोडायचे. बाण उलटा बसला की तिथून पुढे अंधार. खालून माणूस चढला की पायऱ्या एकामागून एक उजळाव्यात, तेज १५-२० टक्के, रंग उबदार. माणूस ओळखायला सगळे पीआयआर सेन्सर सुचवतात. खान्देशात उन्हाळ्यात तो दगा देतो. पीआयआर शरीराची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यातला फरक बघतो. संध्याकाळी भिंतच ३७-३८ अंशांवर असली की फरक उरत नाही आणि माणूस त्याला दिसत नाही. त्याऐवजी ई१८-डी८०एनके हा इन्फ्रारेड सेन्सर वापरा. समोर ८० सेंटिमीटरच्या आत काही आलं की तो सांगतो, अंतर मागच्या स्क्रूने कमी-जास्त होतं. एक पहिल्या पायरीला, एक शेवटच्या, गुडघ्याच्या उंचीवर. समोरची भिंत त्याच्या टप्प्यात येणार नाही एवढं अंतर बांधा. त्याचं आउटपुटही ५ व्होल्टचं असू शकतं, ते ईएसपीला थेट न देता ३.३ व्होल्टवर आणून द्या.

सणांकडे वळू. खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही देवी बसते, रात्रभर गाणी चालतात, सोमवारी विसर्जन. या मांडणीला धावते इंद्रधनुषी रंग अजिबात शोभत नाहीत. चौरंगामागे १२ मिमी प्लायवूडची अर्धवर्तुळाकार प्रभावळ करा, त्रिज्या ३० सेंटिमीटर. कडेची लांबी ९४ सेंटिमीटर, दिवे ५६. पट्टी प्लायच्या जाडीवर, तोंड बाहेर करून लावायची. तशी ती सहज वळते आणि समोरून एकही दिवा दिसत नाही, फक्त मागच्या कापडावर उजेड पसरतो. प्रभावळ कापडापासून ८-१० सेंटिमीटर पुढे ठेवा. हळदीचा रंग हवा म्हणून लाल आणि हिरवा दोन्ही पूर्ण दिले तर हिरवट लिंबू रंग येतो. लाल २५५, हिरवा ९० ते १००, निळा ० ठेवा. कुंकवासाठी लाल २००, हिरवा ०, निळा २०. समईसारखी संथ थरथर हवी असेल तर मेणबत्तीचा इफेक्ट घेऊन त्याचा वेग बराच खाली आणा. मोबाइलवर चित्रण करणार असाल तर तेज फार उतरवू नका. हे दिवे सेकंदाला साधारण ४०० वेळा उघडझाप करतात आणि मंद असताना चित्रात पट्टे उमटतात.

केळीच्या खांबावर पट्टी गुंडाळायची टूम हल्ली दिसते. उघडी पट्टी तिथे कधीच लावू नका. खोडाचा ओलावा आणि चीक यांतून प्लस-मायनसच्या मध्ये प्रवाह झिरपतो आणि तांबं दोन दिवसांत हिरवं पडून खाल्लं जातं. सिलिकॉनच्या नळीतली पट्टी घ्या आणि कापलेली टोकं सिलिकॉनने बुजवा. मात्र या नळीत उष्णता कोंडते, म्हणून तिला पूर्ण पांढऱ्यावर तासन्‌तास ठेवू नये.

गणपतीच्या मखरासाठी अनंत खोल भासणारा आरसा (इन्फिनिटी मिरर) उत्तम. मागे साधा आरसा, पुढे एकतर्फी फिल्म लावलेली ४ मिमी काच, मध्ये ४-५ सेंटिमीटरची चौकट, आतून चहूबाजूंनी पट्टी. आतली बाजू ४५ सेंटिमीटर ठेवली की परीघ १.८ मीटर आणि दिवे बरोबर १०८. जपमाळेचे मणी जेवढे तेवढेच. दर जपाला एक दिवा सरकवणारं बटण लावलं तर आवर्तन मोजता येतं. विजेला ५ व्होल्ट १० अँपिअर पुरे. चार कोपऱ्यांत पट्टी दुमडू नका, कापून वायरीने जोडा. फिल्म लावताना काच साबणाच्या पाण्याने ओली ठेवा. राहिलेला प्रत्येक बुडबुडा आत अनंत वेळा दिसतो.

वहन, रथ, ट्रॅक्टर असं चालतं काही सजवायचं तर बॅटरीचा हिशेब आधी करा. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर ८४ वॉट-तास, पण लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हाती ४२. सजावट २० वॉट खात असेल तर दोन तास. १२ चे ५ व्होल्ट करायला बक कन्व्हर्टर लागतो, त्याच्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या निम्मेच खरे धरा. लेझीम किंवा फिरत्या काठीवर दिवे लावायचे असतील तर ही पट्टी चालणार नाही. ४०० उघडझापींमुळे हवेत अखंड रेघ न उमटता ठिपके उमटतात. तिथे याहून कितीतरी वेगाने उघडझाप करणारी एपीए१०२ पट्टी घ्या; तिला क्लॉकची, म्हणजे तालाच्या निरोपाची, वेगळी वायर असते.

पट्टी भिंतीला धरायची ती मागच्या चिकटपट्टीच्या भरवशावर नाही. पत्र्याच्या शेडमध्ये ती एप्रिलमध्येच सुटते. अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल किंवा दर ३० सेंटिमीटरला क्लिप लावा. प्रोफाइल उष्णताही ओढून घेतो. एसएमपीएस ५० अंशांच्या वर पूर्ण ताकद देत नाही, म्हणून उन्हाळ्यात त्याच्यावर निम्माच भार ठेवा आणि जाळी धुळीने बुजलीय का ते महिन्याला बघा.

मधूनच एका जागेपासून पुढचं सगळं बंद पडलं तर अख्खं रीळ टाकू नका. बहुधा दोघांपैकी एकच गुन्हेगार असतो: शेवटचा चालू दिवा, ज्याचं आउटपुट गेलंय, किंवा पहिला बंद दिवा, ज्याचं इनपुट गेलंय. आधी तिथे मल्टिमीटरने ५ व्होल्ट येतात का बघा. येत असतील तर एका वायरीचं टोक चालू दिव्याच्या डीओ (आउटपुट) ठिपक्यावर आणि दुसरं बंद दिव्याला ओलांडून पुढच्याच्या डीआय (इनपुट) ठिपक्यावर टेकवा. पुढचे पेटले तर बंद दिवा बदला, नाही पेटले तर अलीकडचा. तात्पुरती ती वायर सोल्डर करून काम चालवता येतं, पण मग पुढच्या प्रत्येक दिव्याचा नंबर एकने कमी होतो: टाकी ५० लिटर चुकीची दाखवते, तापीवरचं गाव ८ किलोमीटर सरकतं. म्हणून सेटिंगमध्ये एकूण संख्या एकने कमी करा आणि त्या जागेपासून पुढचे सेगमेंट पुन्हा बांधा.